युद्धातल्या भुकेवरचं ९२ ग्रॅमचं पाकीट: प्लम्पीनट आणि त्याच्या जातीच्या पेस्टचं परीक्षण

फॉइलचं छोटं पाकीट, वजन ९२ ग्रॅम, आत शेंगदाण्याची तपकिरी पेस्ट, ऊर्जा ५०० किलोकॅलरी. शिजवायचं नाही, पाणी घालायचं नाही, फ्रिज लागत नाही. कोपरा फाडायचा आणि मुलाने चोखत चोखत खायचं. सुदान, येमेन, गाझा, दक्षिण सुदान, सोमालिया, जिथे जिथे लढाईने माणसांना उपाशी ठेवलंय तिथल्या मदतसंस्थांच्या गोदामात हे पाकीट असतं, किंवा असायला हवं. या जातीच्या अन्नाला आरयूटीएफ (रेडी-टू-यूज थेरप्युटिक फूड, म्हणजे थेट खाता येणारं उपचाराचं अन्न) म्हणतात. त्यातला सर्वांत जुना आणि गाजलेला ब्रँड फ्रान्सच्या न्यूट्रिसेट कंपनीचा प्लम्पीनट.

किराणा दुकानात ही वस्तू मिळत नाही आणि कुणावर ती घ्यायची वेळ येऊही नये. तरी परीक्षण लिहायचं कारण म्हणजे तिच्याबद्दल दोन टोकाची मतं आपल्याकडे ऐकू येतात. एक, हे जादूचं पाकीट आहे. दुसरं, ही परदेशी कंपन्यांची महागडी चैन आहे, त्यापेक्षा आपला दाण्याचा लाडू काय वाईट? निकाल आधीच सांगतो. औषध म्हणून पाचपैकी साडेचार तारे. गरजूपर्यंत पोचण्यात दोन, आणि बाकीचे तीन तारे कोण खातं हे पुढे येईलच.

आत काय आहे

मूळ पाककृती उघड आहे आणि कुठलाही चांगला कारखाना ती करू शकतो. वजनाने साधारण ३० टक्के दुधाची पावडर, २८ टक्के साखर, २५ टक्के भाजलेल्या शेंगदाण्याची पेस्ट, १५ टक्के वनस्पती तेल आणि दीड टक्क्याच्या थोडं वर जीवनसत्त्वं-खनिजांचं मिश्रण. दाण्याच्या कुटात दूध पावडर आणि पिठीसाखर तेलाने कालवली तर जे होईल ते, फक्त दळण कितीतरी बारीक. हा बारीकपणा महत्त्वाचा आहे. सहा महिन्यांच्या मुलाला चावता येत नाही, आणि कण जाड राहिले तर तेल वर तरंगतं आणि खाली घट्ट थर बसतो.

सगळी करामत पाण्याच्या अभावात आहे. ओलावा अडीच टक्क्यांहून जास्त चालत नाही. प्रत्येक कणावर तेलाचा थर असतो आणि जंतूंना वाढायला पाणीच मिळत नाही. म्हणून छावणीतल्या घाणेरड्या हातांनी उघडलेलं पाकीटही लगेच नासत नाही. उरलेलं दुमडून ठेवून त्याच दिवशी संपवता येतं. न उघडलेलं पाकीट दोन वर्षं टिकतं.

यातही एक मेख आहे. कोरड्या, तेलकट मिश्रणात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू वाढत नाही, पण मरतही नाही. पॅक करताना आत गेला तर तो तिथेच राहतो आणि आधीच कमकुवत झालेल्या आतड्यात पोचतो. म्हणून सगळी भिस्त कारखान्यातल्या स्वच्छतेवर. भाजण्याचा विभाग आणि भाजल्यानंतरचा विभाग वेगळे हवेत, कच्च्या दाण्याची धूळ इकडून तिकडे जाता कामा नये. दुसरा धोका बुरशीच्या विषाचा, म्हणजे अफ्लाटॉक्सिनचा. पावसात भिजलेल्या शेंगांत ते हमखास सापडतं. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २००७ साली घातलेली मर्यादा अब्जात ५ भाग इतकी कडक होती. स्थानिक शेतकऱ्याकडून दाणे घेऊन स्थानिक कारखाना चालवण्याचं स्वप्न अनेक ठिकाणी अडतं ते याच चाचणीत.

मग सरळ जेवणच का देऊ नये

या वस्तूची गरज कळायची तर उपाशी शरीरात काय होतं ते पाहावं लागेल. आठवडेच्या आठवडे पुरेसं न मिळालेलं मूल नुसतं बारीक होत नाही. शरीर खर्चाला कात्री लावतं. हृदयाचा स्नायू झिजतो, आतड्याचं अस्तर पातळ होतं, पेशींतलं पोटॅशियम बाहेर गळतं आणि सोडियम आत साठतं. जंतुसंसर्ग झाला तरी ताप चढत नाही, कारण ताप आणायलाही इंधन लागतं. काही मुलांच्या पावलांना सूज येते आणि वजनकाटा फसवतो. अशा मुलाला एकदम भरपेट जेवण दिलं तर इन्सुलिन उसळतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदयाचा ठोका चुकतो. खाऊ घालून माणूस मरतो, तो असा.

हे दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी जगाने फार मोठी किंमत देऊन पाहिलं. एप्रिल १९४५मध्ये ब्रिटिश फौजा बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत शिरल्या. सुटकेनंतरही तिथली तेरा हजारांहून अधिक माणसं मेली. टायफस, उपासमारीने आलेली हतबलता आणि सुरुवातीला मिळालेलं सैनिकी डब्यांतलं चरबीयुक्त अन्न, सगळ्यांचाच त्यात हात. तिथे वापरून पाहिलेल्या उपायांत एकाचं नाव होतं 'बेंगॉल फॅमिन मिक्श्चर'. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं दूध पावडर, पीठ आणि साखर यांचं ते पातळ मिश्रण. बंगालमधली ती भूकसुद्धा युद्धाच्याच काळातली. बेल्सनमध्ये मात्र ते फारसं चाललं नाही. पूर्व युरोपातल्या माणसांना ते इतकं गोड लागलं की अनेकांनी तोंड फिरवलं. रुग्ण खाणारच नसेल तर सूत्र कितीही बरोबर असो, उपयोग शून्य.

पुढची पन्नास वर्षं उपचार दवाखान्यातच अडकले. शेवटी शेवटी रुळलेली रीत अशी: आधी एफ-७५ नावाचं दूध, १०० मिलिलिटरला ७५ किलोकॅलरी, प्रथिनं आणि सोडियम मुद्दाम कमी, लोह अजिबात नाही. प्रकृती स्थिरावली की एफ-१००. दूध उत्तम, पण पावडर कालवायला उकळलेलं पाणी हवं, कालवलेलं काही तासांत टाकून द्यायचं, आणि सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा पाजायचं. म्हणजे आईने बाकीची मुलं टाकून महिनाभर तंबूत राहायचं, तेही शंभर आजारी मुलांच्या गर्दीत. गोवर आणि जुलाब तिथेच पसरायचे.

१९९६ साली फ्रेंच बालरोगतज्ज्ञ आंद्रे ब्रियां आणि न्यूट्रिसेटचे मिशेल लेस्कान यांनी एफ-१००मधल्या दूध पावडरचा काही भाग काढून तिथे शेंगदाण्याची पेस्ट घातली. पोषण जवळपास तेच, पाणी मात्र गायब. त्यामुळे बहुतेक मुलांना दवाखान्यात ठेवण्याची गरजच संपली. २००५मध्ये नायजरमध्ये एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या वैद्यकीय मदतसंस्थेने साठ हजारांच्या आसपास तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले, बहुतेकांवर घरीच. २००७मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी घरच्या घरी उपचाराची पद्धत अधिकृत केली. २०२३मध्ये ही पेस्ट जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आली.

आपला लाडू काय वाईट?

वाईट काहीच नाही, निरोगी मुलासाठी. शेंगदाणा-गुळाच्या लाडवात ऊर्जा भरपूर आणि लोह थोडंफार असतं. पण तीव्र कुपोषित मुलासाठी त्यात चार गोष्टी कमी पडतात.

पहिली दूध. आरयूटीएफमधली निम्मी प्रथिनं दुधातून येतात. नुसत्या शेंगदाण्याच्या प्रथिनांत लायसीन हा घटक (एक अमिनो आम्ल) कमी, आणि झिजलेला स्नायू भरून काढायला ते लागतं. दूध वगळून केलेल्या स्वस्त पेस्टवर मुलांचं वजन हळू वाढतं, हा अनुभव वारंवार आलेला आहे. दुसरी गोष्ट पोटॅशियम, मॅग्नेशियम, जस्त आणि फॉस्फरस. शरीरातून गळून गेलेली हीच खनिजं पेस्टमध्ये मोजून घातलेली असतात, १०० ग्रॅमला किमान १,१०० मिलिग्रॅम पोटॅशियम आणि ११ मिलिग्रॅम जस्त. तिसरी जीवनसत्त्वं, विशेषतः अ आणि ब-१२. चौथी गोष्ट साधी: लाडू चावावा लागतो. अशक्त मुलाला तो गिळता येत नाही आणि घशात अडकण्याची भीती.

पेस्ट जास्त घन आहे आणि मोजूनमापून आहे, इतकंच. पोटाच्या मापापेक्षा जास्त अन्न सहा किलोच्या मुलात जात नाही, म्हणून प्रत्येक चमच्यात शक्य तितकं कोंबायचं. बरं झाल्यावर लाडू, खिचडी, अंडं, सगळं घरचंच.

वापर: मोजणी आणि मात्रा

मूल पाकिटावर घ्यायचं की नाही हे दोन तपासण्यांत ठरतं, आणि त्या दोन्ही डॉक्टरशिवाय होतात.

दंडघेराची पट्टी: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा दंड, खांदा आणि कोपराच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला. पट्टी टेकावी, आवळू नये. ११.५ सेंटिमीटरच्या आत भरलं तर तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ मध्यम. आपल्या अंगणवाडी ताईंच्या हातातली सॅम-मॅमची (सॅम म्हणजे तीव्र, मॅम म्हणजे मध्यम कुपोषण) रंगीत पट्टी ती हीच. सर्वांत जास्त चुका होतात त्या पट्टी ओढून घट्ट केल्याने; दोन-तीन मिलिमीटरचा फरक मुलाला एका रंगातून दुसऱ्यात ढकलतो. आईला पट्टी दिली आणि एकदा शिकवलं तर तीही बरोबर मोजते. रस्ते बंद असलेल्या भागात हे फार कामाचं ठरलंय.

सूज: दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबायचं. खळगा राहिला तर सूज आहे, दंडघेर काहीही असो.

त्यानंतर भुकेची चाचणी. हिला फाटा देणं महागात पडतं. आईच्या हातानेच, शांत जागी, हात धुऊन, पाणी हाताशी ठेवून पेस्ट द्यायची. चार ते सात किलोच्या मुलाने अर्ध्या तासात पाकिटाचा चौथा ते तिसरा हिस्सा खाल्ला पाहिजे. जबरदस्ती करायची नाही. खाल्लं तर घरी पाठवा. न खाल्लं, सतत उलटी होत असेल, ग्लानी असेल किंवा सूज मोठी असेल तर दवाखाना आणि एफ-७५. भूक मेलेली असणं हे आतला बिघाड मोठा असल्याचं लक्षण आहे, पाकीट कोंबून तो दुरुस्त होत नाही.

मात्रा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या मार्गदर्शनानुसार दर किलो वजनाला रोज १५० ते १८५ किलोकॅलरी. सहा किलोच्या मुलाला ९०० ते १,११०, म्हणजे दोन पाकिटं किंवा किंचित जास्त. थोडं थोडं, दिवसातून सहा-आठ वेळा. अंगावर पिणारं मूल असेल तर आधी दूध, मग पेस्ट. प्रत्येक वेळी पिण्याचं स्वच्छ पाणी, कारण पेस्टमध्ये पाणी नाही आणि तहान लागते. उघडण्याआधी पाकीट बाहेरून मळून घ्यावं, म्हणजे वर आलेलं तेल पुन्हा मिसळतं. सोबत अ‍ॅमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाचा छोटा कोर्स. लोहाच्या वेगळ्या गोळ्या देऊ नयेत, ते पेस्टमध्ये आहेच. सहा महिन्यांखालच्या बाळाला ही पेस्ट नाही. त्याच्या बाबतीत उपचार आईवर करायचे, तिला खायला-प्यायला देऊन आणि पाजण्यात मदत करून.

दंडघेर १२.५च्या वर आणि सूज नाही, असं सलग दोन आठवडे राहिलं की मूल बरं झालं असं धरतात. बहुतेकांना सहा ते दहा आठवडे लागतात. एका खोक्यात १५० पाकिटं, वजन १३.८ किलो, म्हणजे ढोबळमानाने एक खोकं, एक मूल. खोक्याची किंमत ४० ते ५० डॉलरच्या आसपास, वाहतूक वेगळी.

काय चुकतं

सर्वांत मोठी गळती घरातच होते. आईला चार मुलं आणि पाकिटं एकाची. ती वाटून देणार, दुसरं काय करणार? मग ज्याच्यासाठी पाकिटं दिली त्याचं वजन आठवड्यामागून आठवडे हलत नाही आणि केंद्रातली परिचारिका आईवर संशय घेते. आईला दोष देण्यात अर्थ नाही. सोबत घरासाठी धान्य-डाळ-तेलाचा शिधा दिला की वाटप आपोआप कमी होतं. शिधा नसेल तर कार्यक्रम अर्धवट आहे, पेस्ट नव्हे.

पाकिटं बाजारात विकलेली दिसतात तेव्हा फार आरडाओरडा होतो. विकणारी बाई बहुधा त्या पैशांतून पाणी किंवा सरपण घेत असते. बाकी बारीकसारीक तक्रारी: उन्हात तापलेल्या कंटेनरमध्ये जीवनसत्त्वं खराब होतात, म्हणून शक्यतो ३० अंशांच्या आत साठवण. चव एकसुरी गोड, चौथ्या आठवड्यात मुलं कंटाळतात. काहींना आशियात शेंगदाण्याची चव पटत नाही म्हणून हरभऱ्याच्या पेस्टवर काम झालं, तर आफ्रिकेत सोयाबीन-मका-ज्वारीच्या दूधविरहित पेस्टवर. फॉइलचा कचरा छावणीभर उडतो तो वेगळाच.

पर्यायांपैकी बीपी-१०० हा दाबलेला बिस्किटासारखा प्रकार चांगला. चुरून उकळलेल्या पाण्यात लापशी होते, थोड्या मोठ्या मुलांना आवडते. मात्र लापशी केली की पाण्याची अट परत आली. मध्यम कुपोषणासाठीची पेस्ट वेगळी असते आणि खोक्यांवरची लेबलं सारखी दिसतात. घाईत अदलाबदल होते, तेव्हा खोकं उघडण्याआधी नाव वाचावं.

माल कमी आणि मुलं जास्त, ही तर युद्धातली नेहमीचीच स्थिती. तिथे सोपी केलेली मात्रा कामी येते. तीव्र कुपोषिताला रोज दोन पाकिटं, मध्यम कुपोषिताला एक, वजनाचा हिशोब न करता. केनिया आणि दक्षिण सुदानमधल्या चाचणीत ही पद्धत नेहमीच्या पद्धतीइतकीच प्रभावी ठरली. पाकिटं वाचली ती वेगळीच.

पाकिटाच्या आवाक्याबाहेरचंही काही आहे. मेंदूच्या वाढीची वेळ टळून गेली तर वजन परत येतं, सगळं परत येत नाही. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मनांनी नेदरलँड्सची रसद तोडली. त्या काळात आईच्या पोटात असलेल्या मुलांचा पाठपुरावा पुढे साठ-सत्तर वर्षं झाला. गर्भारपणाच्या सुरुवातीला भुकेची झळ लागलेल्यांत स्किझोफ्रेनिया आणि हृदयविकार जास्त सापडले. म्हणून चांगल्या केंद्रांत पाकिटासोबत खेळ असतो: आईने मुलाशी बोलावं, भिंगरी फिरवावी, वाटी-चमचा वाजवावा. मदत करणाऱ्या कुणाला ही चैन वाटली तर तो चुकतोय. ज्या घरावर बॉम्ब पडला आहे तिथली आई गप्प झालेली असते, आणि गप्प आईचं मूल खात नाही.

कमी पडलेले तीन तारे

सुदानचं उदाहरण घेऊ, कारण तिथली कहाणी शेंगदाण्याचीच आहे. जगातल्या मोठ्या शेंगदाणा उत्पादक देशांपैकी एक सुदान. आरयूटीएफ करणारा कारखाना खार्टूममध्येच होता आणि देशातल्या मुलांना लागणाऱ्या पाकिटांपैकी सुमारे ६० टक्के तोच बनवायचा. एप्रिल २०२३मध्ये सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. महिनाभरात तो कारखाना जळाला. युनिसेफच्या सांगण्यानुसार तयार पडलेली १४,५०० खोकी त्यासोबत गेली. वरचा हिशोब लावला तर १४,५०० मुलांचा पूर्ण उपचार.

ऑगस्ट २०२४मध्ये उत्तर दारफूरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला. शेजारचं अल फाशेर शहर आरएसएफने वेढलं, आणि वेढा ऑक्टोबर २०२५मध्ये शहर पडेपर्यंत चालला. धान्य संपल्यावर तिथली माणसं अंबाझ खाऊ लागली. अंबाझ म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढल्यावर उरणारी पेंड. आपल्याकडे ती गायी-म्हशींच्या गव्हाणीत पडते. पेंडीत प्रथिनं असतात हे खरं, पण अफ्लाटॉक्सिन तेलासोबत निघून न जाता पेंडीतच राहतं आणि लहान मुलाचं पोट तिने बिघडतं. शेवटी शेवटी पेंडही मिळेनाशी झाली. शेंगदाण्याच्या देशात, शेंगदाण्याच्या पाकिटाविना, शेंगदाण्याच्या पेंडीवर. ट्रक तयार होते, वाट बंद होती.

गाझात २ मार्च २०२५पासून इस्रायलने सुमारे अकरा आठवडे सगळी रसद रोखली. २२ ऑगस्टला गाझा प्रांतात दुष्काळ असल्याचं आयपीसीने, म्हणजे भुकेची तीव्रता ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने, जाहीर केलं. 'दुष्काळ' हा शब्द आयपीसी सहज वापरत नाही. पाचातलं एक घर अन्नाला पूर्ण मुकलेलं, तीव्र किंवा मध्यम कुपोषित मुलांचं प्रमाण ठरलेल्या हद्दीपलीकडे (वजन-उंचीने मोजलं तर ३० टक्के, दंडघेराने १५) आणि दर दहा हजारांत रोज दोन मृत्यू, या तीन खुणा जमल्या तरच. म्हणजे जाहीर होतं तेव्हा पाकिटांची वेळ बरीचशी निघून गेलेली असते. गाझात आणखी एक अडचण पाण्याची. तहानेल्या मुलाला पेस्ट जात नाही. आणि बाळांच्या दुधाचे डबे मदतीत येऊन पडले तर गढूळ पाण्यात कालवून जुलाबाला निमंत्रण, म्हणून जाणकार संस्था असे डबे सरसकट वाटू देत नाहीत.

तिसरी वाट पैशाने बंद होते. २०२५च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, तेव्हा ऱ्होड आयलंड आणि जॉर्जियातल्या दोन कारखान्यांत भरलेली खोकी पडून राहिली. तोवर अमेरिका या पेस्टसाठी सर्वांत जास्त पैसे देणाऱ्यांपैकी एक होती. ती थांबली की सगळी साखळी थांबते.

नागरिकांना उपाशी ठेवणं युद्धाचं हत्यार म्हणून वापरण्यास १९७७च्या जिनिव्हा पूरक करारात, कलम ५४मध्ये मनाई आहे. मे २०१८मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २४१७ एकमताने करून तेच पुन्हा सांगितलं. कायद्यात फट नाही. नाक्यावरच्या बंदूकधाऱ्यापर्यंत तो पोचत नाही, एवढंच. रेटिंग पाकिटाचं असेल तर साडेचार, रस्त्याचं असेल तर वर दिलेले दोनही जास्तच.

आपल्याकडे

भारताचं या पेस्टशी नातं विचित्र आहे. युनिसेफला ती पुरवणाऱ्यांत भारतीय कारखाने आहेत, पण २००९मध्ये बिहार-मध्य प्रदेशात युनिसेफने आणलेली पाकिटं केंद्र सरकारने परत न्यायला लावली. २०१७मध्ये केंद्राने राज्यांना कळवलं की पुरावा पुरेसा नाही. महाराष्ट्रात मात्र ग्राम बाल विकास केंद्रांतून 'ईडीएनएफ' (एनर्जी डेन्स न्यूट्रिशस फूड) नावाने याच जातीची पाकिटं सॅम मुलांना दिली गेली. मेळघाटात महान ट्रस्टने आणि धारावीत छोटा सायन रुग्णालयाने स्थानिक पातळीवर पेस्ट करून वापरली आहे.

विरोधकांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. दिल्ली, राजस्थान आणि तमिळनाडूत झालेल्या चाचणीत (२०१६ साली प्रसिद्ध) स्थानिक पेस्टवर ५७ टक्के, कारखान्यातल्या पेस्टवर ४८ टक्के आणि समृद्ध केलेल्या घरच्या अन्नावर ४३ टक्के मुलं बरी झाली. स्थानिक पेस्ट सरस, पण नायजरमध्ये बऱ्या झालेल्या मुलांच्या प्रमाणापेक्षा हे आकडे कमीच. कारण आपल्याकडचं बहुतेक कुपोषण वर्षानुवर्षांचं आहे. जन्मतःच कमी वजन, पाठोपाठचे आजार, आईचंच रक्त कमी. वेढ्यात तीन महिन्यांत वाळलेलं मूल आणि नंदुरबारच्या पाड्यावरचं जन्मापासून लहानखुरं मूल यांची दंडघेराची पट्टी एकच रंग दाखवते, आजार मात्र एक नाही. सुदानसाठी दिलेले साडेचार तारे नंदुरबारला जसेच्या तसे लावू नयेत. तिथे आम्ही तीन देऊ, आणि तेही घरच्या अन्नाची सोय सोबत असेल तरच.

देणगी द्यायची असेल तर एक व्यवहाराची गोष्ट. ऑनलाइन मिळणारी 'पीनट न्यूट्रिशन'ची पाकिटं विकत घेऊन युद्धग्रस्त भागात पाठवण्याच्या भानगडीत पडू नका. ती सीमेवर अडकतात आणि सूत्राची खात्री नसते. पैसे द्यायचे ते ज्या संस्थेची माणसं त्या भागात आजही काम करताहेत तिला. देण्याआधी तीन प्रश्न विचारा: पाकिटांसोबत घराचा शिधा आणि पाणी देता का? गुंतागुंतीच्या मुलांसाठी एफ-७५ असलेला दवाखाना किती लांब आहे? आणि बरे झालेल्यांचं, अर्धवट सोडून गेलेल्यांचं आणि मृत्यूचं प्रमाण किती? मदतकार्याच्या स्फिअर निकषांनुसार बरे होणारे ७५ टक्क्यांच्या वर, सोडून जाणारे १५च्या आत आणि मृत्यू १०च्या आत हवेत. हे आकडे ज्या संस्थेच्या जिभेवर नसतील तिने नुसती पाकिटं वाटली आहेत.